गठ्ठ्याचं प्रकरण

भाऊसाहेबांनी कुत्र्याचं नाव पुढे केलं, तिथेच सगळं अंगाशी आलं.

तसं पाहिलं तर सबब बिनतोड होती. दर रविवारी परदेशातून लेकीचा फोन यायचा. फोनच्या पडद्यावर आधी छत दिसायचं, मग नातीचं कपाळ आणि मग नातीची जीभ, कारण आजी-आजोबा दिसले की ती पोरगी काच चाटायची. एवढं झालं की लेक विचारायची, "मग बाबा, कधी येताय?" भाऊसाहेबांकडे आजवर गुडघा होता, खोकला होता, गच्चीवरच्या टाकीची गळती होती. पण टाकी दुरुस्त झाली, खोकला गेला आणि गुडघ्यावर आता खुद्द गुडघ्याचाच विश्वास उरला नव्हता. म्हणून त्या रविवारी त्यांनी सोफ्यावर पसरलेल्या गठ्ठ्याकडे बोट केलं आणि गळा दाटून आल्यासारखा आवाज काढला.

"आमचं काय, आम्ही उद्या निघू. पण ह्याला कुणाच्या भरवशावर टाकायचं?"

"त्याला घेऊन या की," लेक म्हणाली. "इकडे चालतात कुत्रे. नियम पाठवते."

गठ्ठ्या खरं तर तिचाच. कॉलेजात असताना एका संध्याकाळी ती त्याला जुन्या टॉवेलात गुंडाळून घेऊन आली होती. "किती दिवस?" असं भाऊसाहेबांनी दारातच विचारलं होतं आणि "दोन दिवस, बाबा," असं तिनं सांगितलं होतं. ती शिकली, नोकरीला लागली, लग्न करून परदेशी गेली, तरी ते दोन दिवस काही संपले नाहीत. आखूड पाय, लांबलचक अंग आणि मध्येच विचार बदलल्यासारखी वळलेली शेपूट, असा हा ऐवज सोफ्याच्या मधोमध झोपतो आणि भाऊसाहेब काठावर बसून पेपर वाचतात. "ह्या घरात कुत्रं राहणार नाही," हा त्यांचा हुकूम अजून कागदोपत्री कायम आहे.

कागदोपत्री म्हटलं, कारण भाऊसाहेब हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. नोकरीत त्यांनी नेमकं काय केलं ते एका वाक्यात सांगता येतं: त्यांनी त्रुटी काढल्या. त्यांच्या टेबलावर आलेला कागद पहिल्या फेरीत कधी पुढे गेला नाही. 'त्रुटींची पूर्तता करून फेरसादर करावे' हा शेरा ते इतक्या वळणदार अक्षरात मारायचे की लोक वैतागायचेही आणि अक्षराचं कौतुकही करायचे.

त्यामुळे लेकीनं पाठवलेले नियम हातात पडले तेव्हा त्यांचा ऊर भरून आला. चिप, लस, रक्ततपासणी, तपासणीनंतर थांबायची मुदत, पेटीचं माप, नाकाचा प्रकार, जंताचं औषध, तेही ठरावीक वेळेतच. ह्या सगळ्यातून गठ्ठ्या पार होणं शक्यच नव्हतं. ते स्वयंपाकघरात गेले आणि चेहरा पाडून म्हणाले, "कठीण आहे गं. फार कठीण आहे."

वहिनी, म्हणजे भाऊसाहेबांच्या पत्नी, बटाटे सोलत होत्या. "हो ना. वाटलंच मला. तुमच्याच्यानं नाही व्हायचं ते."

वहिनी हे मुद्दाम म्हणाल्या की सहज, ते सांगणारा मी कोण? पण बोलताना त्यांनी मान वर केली नव्हती, एवढी नोंद इथे करून ठेवतो.

'तुमच्याच्यानं' हा शब्द भाऊसाहेबांच्या घशात जो अडकला तो पाणी पिऊनही खाली गेला नाही. प्रकरण नामंजूर व्हावं ही त्यांची मनापासून इच्छा होती. पण ते अपुऱ्या कागदांपायी परत यावं? हेडक्लार्कच्या घरातून गेलेलं प्रकरण? त्यांना नापास व्हायचं होतं, पण पेपर पूर्ण सोडवून.

तर पहिली पायरी म्हणजे जनावरांच्या डॉक्टरीणबाई. भाऊसाहेबांनी लसीचं कार्ड त्यांच्यापुढे ठेवलं. सगळ्या लसी वेळच्या वेळी, प्रत्येक नोंदीखाली सही.

"ही लस धरता येणार नाही," बाई म्हणाल्या. "आधी मानेच्या कातडीखाली ओळखीच्या नंबराची चिप बसवायची आणि मग लस द्यायची, असा नियम आहे. तुम्ही लस दिलीत तेव्हा चिप नव्हती. मग लस ह्याच कुत्र्याला दिली हे कशावरून?"

भाऊसाहेबांना आधी आनंद झाला, कारण प्रकरण बुडालं होतं. मग त्यांनी मनातल्या मनात दाद दिली. काय आक्षेप होता! सबंध नोकरीत त्यांना असा एक आक्षेप सुचला नव्हता. आणि मग, जरा उशिराच, त्यांना राग आला.

"म्हणजे आमचा कुत्रा तोतया आहे?"

"मी नाही म्हणत. नियम म्हणतो."

"मग बसवा चिप! आणि लसही पुन्हा टोचा. कोण तोतया ते कळू दे एकदा."

बाईंनी सुई काढली. चिप बसवायची सुई साधी नसते. ती पाहून गठ्ठ्यानं जांभई दिली आणि भाऊसाहेबांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. ते शुद्धीवर आले तेव्हा बाकावर आडवे होते, गठ्ठ्या त्यांचा कान चाटत होता आणि डॉक्टरीणबाई विचारत होत्या, "तुम्हाला आधीपण असं होतं का?" पुढे हा प्रसंग सांगताना भाऊसाहेब "दवाखान्यात फार उकडत होतं" एवढंच सांगत.

ही बातमी जिन्यातून खाली गेली आणि सल्लागार वर आले.

सल्लागार तळमजल्यावर राहतात. त्यांनी देशाची हद्द कधी ओलांडलेली नाही, पण त्यांच्या साडूच्या ओळखीत एक मांजर आहे. ते मांजर जगभर फिरलेलं आहे आणि प्रत्येक ठिकाणी त्याला काही ना काही झालेलं आहे.

"चिप बसवलीत, ठीक," सल्लागार म्हणाले. "पण नाकाचं काय? बसक्या नाकाचे कुत्रे विमानात घेत नाहीत. दम लागतो त्यांना. साडूच्या ओळखीतलं ते मांजर, त्याला नाकावरून उतरवलं."

"ह्याचं नाक बसकं नाहीये."

"समोरून नाही वाटत. बाजूनं बघा."

एव्हाना दारात जमलेल्या सगळ्यांनी बाजूनं पाहिलं. वास्तविक गठ्ठ्याचं नाक आजवर कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण जिन्यातल्या उजेडात ते कुणाला लांब वाटलं, कुणाला आखूड, आणि पहिल्या मजल्यावरचे शिंपी मापाची पट्टी घेऊन आले. नाक नेमकं कुठे सुरू होतं ह्यावर अर्धी संध्याकाळ गेली. सल्लागार म्हणत, डोळ्यांच्या मधोमध. शिंपी म्हणाले, मी गळा मोजतो तेव्हा कुठून सुरू होतो हे गिऱ्हाईक मला विचारत नाही. एवढ्यात गठ्ठ्यानं पट्टी तोंडात धरली आणि तो आत सोफ्याखाली गेला, त्यामुळे सभा तहकूब झाली.

भाऊसाहेब मात्र फार दुखावले होते. रात्री जेवताना ते एकदम म्हणाले, "चांगलं नाक आहे त्याचं." दुसऱ्या दिवशी जाऊन त्यांनी डॉक्टरीणबाईंकडून 'श्वानाचे नाक बसके नाही' असा दाखला आणला, त्यावर शिक्का मारून घेतला आणि खाली जाऊन तो सल्लागारांना वाचून दाखवला.

असंच चालू राहिलं. रक्त तपासायला गेलं, मुदत सुरू झाली, संपली. ज्या कचेरीत हे सगळे कागद द्यायचे तिथे काचेच्या खिडकीमागे एक बाई बसायच्या. पहिल्याच भेटीत त्यांनी भाऊसाहेबांची फाईल उघडली, शांतपणे सगळी पानं उलटली आणि म्हणाल्या, "फोटोत शेपूट नाही आली."

"शेपूट लागते?"

"ओळखीची खूण म्हणून तुम्हीच लिहिलंय ना, शेपूट वळलेली? मग ती दिसायला नको का?"

भाऊसाहेब खिडकीपासून बाजूला झाले ते भारावलेल्या चेहऱ्यानंच. अशी नजर आता राहिली कुठे? पुढच्या खेपेला त्या बाईंनी आणखी दोन त्रुटी काढल्या, त्याच्या पुढच्या खेपेला एकच, तीही फार बारीक. भाऊसाहेब घरी येऊन वहिनींना त्या त्रुटी कौतुकानं समजावून सांगायचे आणि मग रात्र रात्र बसून त्यांची पूर्तता करायचे. आपण नापास व्हायला निघालो होतो हे अधूनमधून त्यांना आठवायचं, नाही असं नाही. पण तेव्हा ते गोंद लावत असायचे.

आणि हो, "माणसांच्या कागदांचं काय?" असं वहिनींनी मध्ये एकदा विचारलं होतं. "आधी त्याचं होऊ दे," भाऊसाहेब म्हणाले होते. "त्याचंच नाही झालं तर आपलं करून काय उपयोग?" वहिनींचं सगळं नात झाली तेव्हाच करून झालं होतं. पासपोर्ट, व्हिसा, सगळं. तेव्हाही जायचं ठरलं होतं, पण नेमका तेव्हा भाऊसाहेबांना खोकला होता.

शेवटी उरली पेटी. कुत्र्याला आत उभं राहता आलं पाहिजे, वळता आलं पाहिजे, अंग पसरून झोपता आलं पाहिजे, असा नियम. विकतची पेटी भाऊसाहेबांच्या मनास येईना, म्हणून सुताराला बोलावलं. सुतार हाडाचा कारागीर. त्यानं जी वस्तू आणून ठेवली तिला गोल कोपरे होते, पॉलिश होतं, जाळीचं दार होतं आणि दाराला बाहेरून आपोआप पडणारी कडी होती. दोघांनी मिळूनही ती उचलेना, म्हणून त्याला मागची फळी काढून पातळ फळी लावावी लागली. त्या वेळी त्याचा चेहरा बघवत नव्हता.

आता गठ्ठ्या आत जाईना. बिस्किटं ठेवली, त्याचा तो मूळचा टॉवेल ठेवला. तो पेटीभोवती फिरायचा, सुताराच्या कामाचा वास घ्यायचा आणि सोफ्यावर जाऊन बसायचा. "सवय करा, सवय," सल्लागार सांगून गेले. "साडूच्या ओळखीतलं ते मांजर ऐन वेळी पेटीत शिरलं नाही आणि विमान चुकलं." ह्याच मांजराला मागे विमानातून उतरवलं होतं, ही विसंगती भाऊसाहेबांनी मनातल्या मनात टिपून ठेवली.

मग एका दुपारी वहिनी बाजारात गेल्या असताना भाऊसाहेबांनी विचार केला की जनावर आहे, त्याला दाखवायला हवं. इकडेतिकडे पाहून ते खाली बसले, रांगत रांगत पेटीत शिरले आणि आतून मोठ्या उत्साहानं म्हणाले, "हे बघ! किती छान! बघ, मला वळता पण येतंय." वळता काही आलं नाही. उलट त्या खटपटीत पाय दाराला लागला, दार मिटलं आणि सुताराची कडी आपोआप पडली.

गठ्ठ्या सोफ्यावरून उतरला. एवढे दिवस लांबून पेटीकडे बघणारा तो प्राणी आता शेपूट हलवत आला आणि जाळीला नाक लावून दारापाशी आडवा झाला.

भाऊसाहेबांनी आधी कडी हलवून पाहिली, मग फळी ढकलून पाहिली. सुतारानं काम पक्कं केलं होतं. ओरडावं तर सल्लागार वर येणार आणि ही हकीकत मांजराच्याही पुढे जाणार. तेव्हा गुडघे पोटाशी घेऊन ते गप्प बसून राहिले. आत लाकडाचा वास होता आणि उजेड फक्त जाळीपुरता. जरा वेळानं त्यांच्या लक्षात आलं की ह्याच अंधारात गठ्ठ्याला बसायचं आहे आणि विमानातून उतरल्यावर अनोळखी माणसं काय बोलतायत ते त्याला कळणार नाही. आणि मग दुसरंही काहीतरी लक्षात आलं असावं, कारण ते हलक्या आवाजात बोलायला लागले.

"तुला नाही रे भीती वाटायची. तू कुठेही जाशील आणि मधली जागा धरून बसशील. मलाच जायचं नाहीये, गठ्ठ्या. तुझं नुसतं नाव." गठ्ठ्यानं कान हलवला. "इथे मी जिना उतरलो की चार माणसं थांबतात. भाऊसाहेब म्हणतात. तिथे मी कोण? लेकीच्या घरातला एक म्हातारा. दिवा कुठला कुठल्या बटणाचा ते विचारत फिरणार. ती दमून घरी येणार आणि मी आपला सोफ्यावर. तिला कधी वाटलं, आता बाबांनी जावं, तर ती बोलणार पण नाही रे. आणि मला ते कळेल. मला त्रुटी लगेच कळतात."

गठ्ठ्यानं एकदम मान वळवून दरवाजाकडे पाहिलं. तिथे पिशवी हातात घेऊन वहिनी उभ्या होत्या. कधीपासून, ते त्यांनी पुढेही कधी सांगितलं नाही.

त्या आल्या, त्यांनी कडी काढली. "निघा बाहेर. पाय आखडतील."

भाऊसाहेब मागच्या मागे रांगत बाहेर आले. उभं राहायला त्यांना वहिनींचा खांदा लागला.

"जायचं नव्हतं तर तसं म्हणायचं होतं," वहिनी म्हणाल्या. "मी त्या मुक्या जनावराला एवढं टोचू दिलं नसतं."

"अगं, तसं नाही..."

"असू दे. मी सांगते तिला, कागद नामंजूर झाले म्हणून. नाहीतरी कठीणच होतं."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर भाऊसाहेबांना बरं वाटलं असतं. वहिनी पिशवी ठेवून आत गेल्या. मग परत आल्या, टेबलावरचा फोन उचलला आणि रुमालानं त्याची काच पुसू लागल्या. दर रविवारी बोलणं झालं की त्या अशी काच पुसायच्या आणि तिकडच्या जिभेनं इकडची काच ओली होत नाही म्हणून भाऊसाहेब त्यांची थट्टा करायचे. आज रविवार नव्हता. त्या पुसत राहिल्या आणि भाऊसाहेबांना ते बघवेना.

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडायच्या आधी भाऊसाहेब दारात उभे होते. कडक इस्त्रीचे कपडे, बगलेत फाईल. तिच्यात आता पेटीचा दाखला होता, जंताच्या औषधाची नोंद होती आणि तब्येतीचा ताजा दाखला होता. हा दाखला फार थोडे दिवस चालतो आणि तेवढ्यात निघावं लागतं. आयुष्यात पहिल्यांदाच एखादा कागद बिनत्रुटीचा निघावा म्हणून ते मनातल्या मनात हात जोडत होते.

खिडकीतल्या बाईंनी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत फाईल पाहिली. मग पुन्हा पहिल्यापासून पाहिली. मग चष्मा काढला.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "एकही नाही." त्यांच्या आवाजात थोडी हुरहुरही होती. "इतकी नीट फाईल मी पाहिली नव्हती हो. फक्त मालकाचा पासपोर्ट द्या, नंबर घालते आणि शिक्का मारते."

भाऊसाहेबांनी खिशातून पासपोर्ट काढून मोठ्या तोऱ्यात काचेखालून सरकवला. बाईंनी तो उघडला. मग त्यांनी तो भाऊसाहेबांकडे फिरवला आणि एका जागी बोट ठेवलं.

भाऊसाहेबांच्या पासपोर्टची मुदत केव्हाच संपली होती.

कुत्र्याच्या शेपटीची, नाकाची, रक्ताची नोंद ठेवणाऱ्या ह्या माणसानं स्वतःचा पासपोर्ट उघडून पाहिला नव्हता. ज्याला जायचंच नाही, तो कशाला बघेल? ते काचेपाशी नुसते उभे राहिले. मागे रांगेत मांजर घेऊन उभा असलेला एक माणूस खाकरला.

"बाई," भाऊसाहेब म्हणाले, आणि पुढचे शब्द त्यांच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदाच निघाले, "काही सवलत नाही का देता येणार?"

बाईंनी मान हलवली. देता आली असती तर त्यांनी दिली असती, हे चेहऱ्यावर दिसत होतं. "तुमचा नवा येईपर्यंत ह्याचा तब्येतीचा दाखला संपेल. मग पुन्हा पहिल्यापासून. घरात दुसऱ्या कुणाचा पासपोर्ट चालू आहे का?"

"बायकोचा आहे."

"मग मालक बदला. त्या कुत्र्याला घेऊन पुढे जातील. तुम्ही मागून या."

अशा रीतीनं त्या सकाळी भाऊसाहेबांनी सहीनिशी गठ्ठ्याची मालकी वहिनींकडे सोपवली. ती त्यांच्याकडे कधी होती, हा प्रश्न वेगळा. घरी येऊन त्यांनी खालच्या मानेनं सगळं सांगितलं. वहिनी आधी हसल्या, खूप हसल्या, मग डोळे पुसत म्हणाल्या, "खरंच येणार ना तुम्ही मागून? की पुन्हा गुडघा?"

"येणार," भाऊसाहेब म्हणाले.

निघायच्या दिवशी गठ्ठ्या स्वतःहून पेटीत शिरला. आत भाऊसाहेबांचा जुना सदरा अंथरला होता. पेटी गाडीत चढवताना सल्लागार, शिंपी आणि सुतार असे तिघं लागले आणि चौथे भाऊसाहेब नुसतेच जाळीला हात लावून चालत होते.

आणि मग भाऊसाहेबांना हवं होतं ते सगळं मिळालं. स्वतःचं घर, स्वतःचा जिना, आख्खा सोफा. ते काठावरच बसत. मध्ये बसून पाहिलं, तर पेपर वाचताना कुणीतरी जागा अडवल्यासारखं वाटे. सकाळी उठून ते जुना पट्टा घेऊन खाली उतरत आणि फाटकाशी पोचल्यावर पट्ट्याकडे बघत. जिन्यात चार माणसं थांबत, हे खरं. पण आता ऐकू आलं की ती थांबून विचारतात, "गठ्ठ्याची काही खबर?" ते सांगून झालं की माणसं आपल्या वाटेनं जात. शिंपी तर एकदा त्यांना बाजारात भेटले आणि न ओळखता पुढे गेले. नंतर माफी मागून म्हणाले, "बरोबर कुत्रा नव्हता ना, लक्षातच नाही आलं."

रविवारी फोन आला. आधी छत दिसलं, मग कपाळ, मग जीभ. जीभ गठ्ठ्याची होती. मागून नातीच्या हसण्याचा आवाज आला आणि वहिनींचा प्रश्न, "जेवलात का?" फोन ठेवल्यावर भाऊसाहेबांनी रुमाल काढून काच पुसली.

त्या संध्याकाळी सल्लागार वर आले आणि बराच वेळ काही सल्ला न देता बसून राहिले. शेवटी भाऊसाहेबांनीच विचारलं, "ते साडूच्या ओळखीतलं मांजर. ते खरंच आहे का हो?"

सल्लागारांनी खिडकीबाहेर पाहिलं. "साडू आहे," ते म्हणाले.

पासपोर्टच्या कचेरीत भाऊसाहेब रोज जाऊन बसू लागले. तिथल्या माणसानं शेवटी त्यांचा कागद वर काढला तो त्यांच्या वशिल्यानं नव्हे, त्यांच्या चेहऱ्याकडे बघून. मागोमाग व्हिसाही आला.

परदेशात उतरल्यावर तपासणीच्या माणसानं त्यांचा पासपोर्ट उघडला, शिक्का मारला आणि पुढे जायची खूण केली. झालं. भाऊसाहेब क्षणभर तिथेच घुटमळले. एवढा मोठा माणूस देशात शिरतोय आणि मानेखाली कुणी काही तपासत नाही, ह्याचं त्यांना थोडं वाईट वाटलं.

लेक गाडी घेऊन आली होती. तिच्या घराच्या फाटकाशी ते उतरले तेव्हा शेजारचा एक म्हातारा कुंपणापलीकडून हात हलवत आला आणि न कळणाऱ्या भाषेत काहीतरी बोलला. त्यातला एकच शब्द भाऊसाहेबांना ओळखीचा वाटला, तोही मोडका तोडका. लेक हसली.

"बाबा, ते विचारतायत, गठ्ठ्याचे ते तुम्हीच का? आई रोज त्याला फिरवते ना, सगळी गल्ली ओळखते त्याला. तुम्ही कधी येणार म्हणून विचारत होते सगळे."

भाऊसाहेबांनी सदरा नीट केला. "हो म्हणावं," ते म्हणाले. "मीच."

दार उघडलं आणि आतून आखूड पायांवर जे काही सुटलं ते थेट त्यांच्या गुडघ्यांवर आदळलं. भाऊसाहेब खालीच बसले. जिना नव्हता, सल्लागार नव्हते, म्हणून ते त्याच्या मानेत तोंड खुपसून जरा वेळ तसेच बसून राहिले. मग वहिनींनी कडेवरची नात खाली ठेवली. ती रांगत आली, तिनं त्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहिलं आणि दर रविवारी करायची तेच केलं. चष्म्याची काच ओली झाली. ती त्यांनी पुसली नाही.

"बाबा," लेक दारात बॅग ठेवत म्हणाली, आणि विचारायला नको तेच भीत भीत विचारती झाली, "आता किती दिवस?"

भाऊसाहेबांनी गठ्ठ्याकडे पाहिलं. तो केव्हाच आत जाऊन सोफ्याच्या मधोमध पसरला होता.

"दोन दिवस," ते म्हणाले, आणि जाऊन काठावर बसले.